भोंगा गप्प ठेवणारी ओळ

मंगळवार, ३ मार्च
टपाल कचेरी, दुसरी खिडकी

टकळे,

अक्षर अनोळखी दिसलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस. मीच आहे, तुझी आजी. अक्षर टपाल कचेरीतल्या तिकीटवाल्या बाईंचं, बोलणं माझं. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर खिडकीवर चिटपाखरू नसतं, तेव्हा त्या मला लिहून देणार असं ठरलंय. मी सांगते, त्या लिहितात, मग शेजारच्या खिडकीवरचे रजिस्टरवाले मला ते मोठ्याने वाचून दाखवतात. बाईंना हे लागलं. म्हणाल्या, आजी, माझ्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, बाई, पोटच्या पोरावर होता, तो संपवून आलेय. तुमच्यापर्यंत शिल्लक उरला नाही.

हे माझं तुला पहिलं पत्र. तू म्हणशील, म्हातारीला चळ लागला, नऊ पत्रं आली की. ती तुझ्या बापाची होती. दर रविवारी तो टेबलाशी बसायचा, मी पलंगावरून सांगायची, तो लिहायचा. मग सगळं मला वाचून दाखवायचा. माझाच शब्द, माझीच शिवी, काही गळायचं नाही. एकदा मी मध्येच शिंकले तर विचारतो, हेही घालू का. मी हसले. मला कागदावरचं काय कळतंय, काळ्या मुंग्या. मुंग्या सरळ रांगेत चालल्या की मी समजायची, पत्र झकास झालं.

शनिवारी तुझं कार्ड आलं. बाप घरात नव्हता. दम निघेना म्हणून तडक इथे आणलं आणि बाईंनी वाचलं. आजी, तू नऊ पत्रांत नऊ वेळा लिहिलंस की इकडे येऊ नकोस. बरं, नाही येत. वीस तारखेला जबाबावर सही करते, सगळी चूक माझी म्हणून, म्हणजे तुम्हा दोघांची फरफट संपेल.

मी बाईंना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तेच निघालं.

मी तुला येऊ नकोस म्हणेन? नऊ वेळा?

आता मी नऊ रविवार काय सांगत होते ते ऐक. बाई, हे जरा ठसठशीत लिहा. भोंगा गप्प ठेवणारी ती ओळ तू लिहिली नाहीस. तुझ्या बापाने लिहिली. आणि मी त्याच्या मागे भुणभुण लावली म्हणून लिहिली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना काही बोध होईना. म्हणून तुला ठाऊक आहे तेच त्यांच्यासाठी सांगते, तूही ऐक, तुला कंटाळा आला तरी, तुझे लहानपणीचे बोबडे बोल मी ऐकलेत.

आमचं घर बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. तुझा बाप तिथे कॉम्प्रेसरवर, तुझा काका लाद्या ओढायला. अमोनिया गळला तर कळावं म्हणून कारखान्याने यंत्र बसवलं, आणि त्याचा जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम लिहायचं काम तुला मिळालं. मी गल्लीभर सांगत सुटले होते. गळती झाली की तुझा प्रोग्राम भोंग्याला हाक मारणार आणि भोंगा बोंबलणार. आणि बोंबलतो की नाही हे बघायला रोज दुपारी दोनला चाचणी. दोनला माझा डोळा लागतो. महिनाभर मी रोज दोन वाजता मेले आणि दोन वाजून एक मिनिटाने पुन्हा जिवंत झाले. मग तुझ्या बापाला म्हटलं, अरे, पोरगी तुझी, यंत्र पोरीचं, आईला दुपारची घटकाभर झोप देववत नाही तुझ्याच्याने?

तूच त्याला शिकवून ठेवलं होतंस. यंत्र चालू होताना जी फाइल वाचतं, तिच्यात 'भोंगा मूक: होय' अशी ओळ घातली की भोंगा गप्प. दुरुस्तीपुरती घालायची आणि लगेच काढायची. ही ओळ म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. हा शब्द लिहायला बाईंनी तीन कागद फाडले. त्याने ती घातली. तुझ्या नावाने उघडून, तुझ्या पासवर्डने. म्हणून गळतीच्या तपासात तुझं नाव निघालं, आणि तुलाही वाटलं की चाचण्या घेताना आपल्याच हातून राहिली.

नाही राहिली. दुसऱ्या दिवशी दोनला भोंगा वाजला नाही आणि मी पाच वाजेपर्यंत घोरले.

वीस तारखेला सही करू नकोस. एवढंच सांगायला आले. बाकीचं भेटीत. फोन बंद ठेवून बसलीस, नाहीतर टपाल खात्याला एवढा ताप दिला नसता.

तुझी आजी
(रजिस्टरवाल्यांनी वाचून दाखवलं. बरोबर आहे.)


शुक्रवार, ६ मार्च

टकळे,

तुझ्या बापाला विचारलं. तुला वाटेल मी आभाळ डोक्यावर घेतलं असेल. नाही घेतलं. तो दारातल्या खुर्चीचा वेत विणत बसला होता. कारखाना बंद आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्या खुर्च्यांची चंगळ चाललीय. मी समोर बसले आणि विचारलं, पोरीला काय लिहीत होतास?

म्हणाला, तू सांगायचीस तेच.

मी तुझं कार्ड त्याच्या मांडीवर ठेवलं. वाचायला त्याला फार वेळ लागला. चारच ओळी आहेत. त्याचे कान लाल झाले. लहानपणी दुधावरची साय चोरली की व्हायचे तसे.

"तिने फोनवर विचारलं होतं," तो म्हणाला. "बाबा, ती ओळ तुम्ही तर नाही ना लिहिलीत? मी नाही म्हणून बसलो. मग पत्रातून हो कसं येऊ देऊ, आई?"

"ती सही करतेय."

"तिला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही."

मी म्हटलं, आत्ता तरी कुठे पाहतेय. बोलले आणि वाटलं, जीभ झडावी. तो उठून आत गेला. वेत अर्धाच राहिला, माझे बसायचे वांधे झाले.

आता एक तुला विचारायचं होतं, ते मी तपासवाल्या इंजिनिअर बाईंना विचारून घेतलं होतं. मागच्या महिन्यात त्या घरी आल्या होत्या, आमचे जबाब घ्यायला. मला काही विचारलंच नाही. दुपारी कुठे होतात, झोपले होते, संपलं. मग मीच त्यांना धरून बसवलं. म्हटलं, आमची पोर सांगून गेली होती की कोणी ती ओळ काढायला विसरलं तरी हरकत नाही, माझा प्रोग्राम ती स्वतःच बदलून घेतो. मग बदललेलं गेलं कुठे? पडद्यावर तर हिरव्या अक्षरात 'भोंगा सज्ज' येत होतं म्हणे.

बाई भल्या आहेत. म्हणाल्या, आजी, यंत्र सुरू होताना त्याच्याजवळ सेटिंगांची एक यादी असते. त्याच्यातून जो प्रोग्राम सुरू होतो त्याला त्या यादीची नक्कल मिळते. जावाच्या प्रोग्रामला ती नुसती वाचता येते, बदलायची मुभा नाही. तुमच्या नातीने मागच्या दाराने शिरून बदलली. पण बदलली ती स्वतःजवळची नक्कल. मग स्वतःलाच विचारलं, भोंगा मूक आहे का? उत्तर आलं, नाही. झाली खूश. भोंगा वाजवणारा प्रोग्राम मात्र वेगळा. त्याला हाक मारली तेव्हा त्याला मिळाली यंत्राची मूळ यादी, 'होय' असलेली. तो गप्प बसला. त्याची काय चूक, त्याला सांगितलं तसा वागला.

मला हे एका दमात समजलं. त्यांना नवल वाटलं. तेव्हा मलाही वाटलं होतं, की आपण हुशारच. आता कळतं की नऊ रविवार घरात त्याचीच शिकवणी चालू होती.

मग मी विचारलं, करायचं कसं होतं? त्या म्हणाल्या, भोंग्याला हाक मारताना नवी यादी त्याच्या हातात द्यायची. जावात त्याची रीतसर सोय आहे. एका ओळीचं काम.

एक ओळ तुझ्या बापाने घातली आणि एक तू घातली नाहीस. तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही, तुला खोटं आवडत नाही. घाई तुझी जन्माचीच, रांगायच्या आधी पळायला निघाली होतीस. पण अर्धी चूक घे, सबंध नको. इंजिनिअर बाई म्हणाल्या, जबाबावर सही झाली की खटला तिच्या एकटीवर. तुरुंगही होऊ शकतो. ओळ दुसऱ्या कोणी घातली असेल तर गोष्ट वेगळी. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं.

काका कसा गेला ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. पावणेतीनला झालं. वीस मिनिटं आधी यंत्राला वास लागला होता, तुझ्या प्रोग्रामने नोंद केली, भोंग्याला हाकही मारली. सगळं तिथे लिहिलेलं सापडलं. थोडासा वास तर त्या जागेत रोजचाच, तोंडाला ओलं फडकं बांधून काका लाद्या ओढत राहिला. बाकीचे चहाला बाहेर गेले होते. त्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, दोन लाद्या राहिल्यात, एवढ्या काढून येतो. मग झडप फुटली.

मी झोपले होते. लोकांनी दार वाजवून उठवलं. उठल्या उठल्या पहिला विचार कोणता आला सांगू? की आज काय छान झोप लागली होती.

तिकीटवाल्या बाई डोळे पुसतायत. त्यांना म्हटलं, कागदावर पडू देऊ नका, आधीच माझ्या मुंग्या वाकड्या चालतात.

उत्तर पाठव. एका शब्दाचं चालेल.

आजी


मंगळवार, १० मार्च

टकळे,

अजून काही आलं नाही. पहिलं पत्र पोचल्याची पावती आलीय, सही तुझीच आहे असं रजिस्टरवाले म्हणतात, शेवटच्या अक्षराला शेपूट आहे म्हणून. म्हणजे वाचलं असशील. रागावली असशील तर रागाव. तुझ्या रागाला निदान आवाज तरी असतो.

काल मी एकटीच तपास कचेरीत जाऊन आले. दोन बस बदलून. दुसऱ्या बसमध्ये एकाने उठून जागा दिली आणि वर विचारलं, आजी, एकट्या कुठे निघालात? मी म्हटलं, पोलिसांकडे. तो पुढच्याच थांब्यावर उतरला.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. इंजिनिअर बाई बाहेरगावी गेल्यात, सोमवारी भेटतील असं सांगितलं. म्हणजे सोळा तारखेला. तुझ्या सहीला तेव्हा चार दिवस बाकी असतील. मी जाईन आणि सगळं सांगेन. घाबरू नकोस, धीराने घे.

आता तू विचारशील, एवढे दिवस का नाही सांगितलंस त्यांना. मीही स्वतःला विचारते. उत्तर काही फार चांगलं नाही. एक मुलगा गेला. उरला एक. उरलेल्याचा हात धरून त्यांच्या ताब्यात द्यायचा धीर झाला नाही. मग मी सोपा मार्ग काढला. त्यांना सांगण्याऐवजी तुला सांगत बसले. म्हटलं, पोरगी शहाणी आहे, शिकलेली आहे, तिला कळवलं की आपलं काम झालं, पुढचं ती ठरवेल. दगडाखालचा हात माझा, आणि दगड उचलायला तुला बोलावलं. तुझी आई तुला चार वर्षांची माझ्या ओटीत टाकून गेली, तेव्हा मी तिला काय शब्द दिला होता ते मला अजून पाठ आहे.

तुझ्या बापाच्या खुर्च्या संपल्या, आता खिडक्यांची बिजागरं काढतोय. काकाची चप्पल अजून दाराशीच आहे. तो ती ओलांडून जातो. मीही. दोघांपैकी कोणीच उचलत नाही, आणि उचलत का नाही असं कोणी कोणाला विचारतही नाही.

परवा म्हणाला, आई, मला खरंच वाटलं की चाचणीपुरताच गप्प आहे, खरी वेळ आली की बोलेल. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं. नको असलेला आवाज थांबला की कोण चौकशी करतं. कारखान्यात पन्नास माणसं, एकानेही विचारलं नाही की दोनला हल्ली वाजत का नाही. सगळ्यांना बरंच वाटलं असणार.

सोमवारी जाईन. तोवर तू काही करू नकोस.

आजी


मंगळवार, १७ मार्च

टकळे,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. म्हणजे आज पाच दिवस झाले. मी खिडकीवर आले नाही म्हणून तिकीटवाल्या बाई काल घरी येऊन डोकावून गेल्या, जिवंत आहे का ते बघायला. आहे.

या वेळी कार्ड मी तुझ्या बापाकडूनच वाचून घेतलं. म्हटलं, बघू या, आता काय वाचतो. त्याने वाचलं. मग आज मी इथे येऊन बाईंकडून वाचून घेतलं. दोन्ही वेळा तेच निघालं. या वेळी त्याला खोटं वाचायची गरज पडली नाही.

"आजी, पत्र मिळालं. मी विचारलं तेव्हा बाबा नाही म्हणाले होते. ते नाहीच राहू दे. वीस तारखेपर्यंत थांबले तर माझं मन बदलेल, म्हणून इथल्या कचेरीत आजच सही करून आले. मागचं दार मीच काढलं होतं. बाबांचं नाव कुठे घेऊ नकोस. काका गेला, आता घरातलं आणखी कोणी नको."

माझं पत्र तुला शुक्रवारी पोचलं. कार्डावरची तारीखही शुक्रवारचीच आहे, म्हणजे सही त्याच दिवशीची. मी पाठवलं नसतं तर वीस तारीख उजाडायची होती. चौदा दिवस होते. चौदा दिवसांत माणूस पन्नासदा मन बदलतो. तुला सोडवायला म्हणून सांगायला गेले आणि तुझ्या हातात पेन दिलं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. मागच्या पत्रात मी लबाडी केली. बापाला बोल लावते आणि मीही तीच. इंजिनिअर बाई बाहेरगावी होत्या हे खरं. पण तिथे एक कारकून होते, ते म्हणाले, आजी, एवढ्या लांबून आलात, मी लिहून घेतो, खाली अंगठा द्या. त्यांनी कागद काढला, शाईची डबी उघडली. मी अंगठा शाईत बुडवला. मग विचारलं, ज्याचं नाव सांगेन त्याचं काय होईल? ते म्हणाले, अटक होईल, दुसरं काय. मी म्हटलं, मग मी सोमवारी येते, बाईंनाच सांगते. अंगठा रुमालाला पुसला आणि तीन मजले उतरले. शाई दोन दिवस गेली नाही. घरी विचारलं असतं तर भाजी चिरताना डाग पडला म्हणून सांगितलं असतं. पण कोणी विचारलं नाही.

तो दिवस नऊ तारखेचा. तुझी सही तोवर झालीच होती, मला ठाऊक नव्हतं एवढंच. म्हणजे मी तेव्हा मागे फिरले ते तुझ्यामुळे नाही. ते माझं.

काल सोमवार होता. सकाळी न्हाऊन, चांगलं पातळ नेसून तयार झाले. पिशवीत पाण्याची बाटली भरली. दारापर्यंत गेले. तुझा बाप तिथेच बिजागरांना तेल घालत उभा होता. कुठे निघालीस असं त्याने विचारलं नाही. बाजूला सरला आणि मला वाट करून दिली. सरला असता रागाने, अडवलं असतं, पाय धरले असते, तर मी गेले असते गं. ढकलून गेले असते. त्याने नुसती वाट दिली आणि खाली पाहत राहिला. त्याच्या मानेवर पांढरे केस आलेत. मी ते कधी पाहिले नव्हते.

मी पिशवी खुंटीला लावली आणि स्वयंपाकाला लागले.

तिकीटवाल्या बाई म्हणतायत, आजी, अजून जाता येईल, आज मंगळवार आहे, मी येते सोबत. मी म्हटलं, तुम्ही आधी हे लिहून घ्या. त्या लिहितायत. घाई चाललीय त्यांची, अक्षर लागलं नाही तर त्यांना माफ कर.

गुरुवारी तुझ्या बापाचं वाचून झाल्यावर कार्ड त्याने उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. काही नव्हतं. मग हात धुऊन ताटावर बसला. काका गेल्यापासून तो दोन घास चिवडून उठायचा. त्या दिवशी ताटातलं सगळं संपवलं. माझ्याकडे न बघता ताट थोडं पुढे सरकवलं.

मी वाढलं.

आजी